आउटपुट शून्यावर होतं, तरी एकतीस पानं आली

इथले अनुभव मी गेली चार-पाच वर्षं वाचते आहे. दुपारच्या डब्याबरोबर, तोंडी लावायला. आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसायलाच. आमच्या घरात नजर, अंगारा, उतारा असल्या गोष्टींना कधीच थारा नव्हता. सकाळी बुद्धवंदना, मग रेडिओवरच्या बातम्या, आणि कुणी काही विचित्र सांगायला लागलं की वडील विचारायचे, तू स्वतः बघितलंस का, मोजलंस का? ते शाळामास्तर होते. मी पुढे मेकॅनिकल इंजिनिअर झाले, म्हणजे मोजणं हाच पोटापाण्याचा धंदा झाला. तेव्हा हे लिहिताना माझं मलाच चमत्कारिक वाटतंय. पण जे झालं ते मी स्वतः बघितलंय आणि जेवढं मोजता आलं तेवढं मोजलंयसुद्धा. नावं बदलली आहेत, बाकी सगळं जसंच्या तसं.

मी नाशिकला द्वारकेजवळ राहते आणि अंबड एमआयडीसीतल्या एका लहानशा कंपनीत नोकरी करते. आम्ही वाफेच्या दाबावर चालणाऱ्या मोठ्या लोखंडी टाक्या बनवतो. आडव्या ठेवलेल्या, माणूस आत चालत जाईल एवढ्या, आणि एका टोकाला गोल जाडजूड दार. माझं काम कॉम्प्युटरवर. टाकी बनवायच्या आधी तिचं मॉडेल करायचं, त्यात खोटी वाफ भरायची, खोटा दाब द्यायचा आणि लोखंड कुठे किती ताणलं जातंय ते बघायचं. याला सिम्युलेशन म्हणतात. एक रन पाऊण तास चालतो, त्या वेळात मी चहा पिते आणि लोकांवर चिडते.

चिडते म्हणजे... मला बडबड सहन होत नाही. घरचे सगळे व्हॉट्सअॅप ग्रुप म्यूटवर आहेत, सासरचा तर पहिल्या दिवसापासून. शेजारची बाई जिन्यात बोलायला थांबली की मी गॅसवर दूध ठेवलंय असं सांगते. माझा नवरा म्हणतो, तुझ्याकडे दूध फार उतू जातं.

तर हा सिम्युलेशनचा प्रोग्रॅम चालताना त्याने किती बोलायचं, हे आपण ठरवायचं असतं. सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ असते, आउटपुट लेव्हल. शून्य ते पाच. शून्यावर ठेवलं तर अवाक्षर नाही, शेवटी फक्त निकाल. एकवर ठेवलं तर काम पार अडलं तरच सांगणार. चारवर ठेवलं की कुठली फाइल वाचली, कुठला आकडा मिळाला नाही, न मिळाल्यावर काय गृहीत धरलं, कुठे शंका आली, सगळं पानंच्या पानं लिहीत बसतो. पाचवर कुणी ठेवत नाही, डिस्क भरते.

आमच्या ऑफिसात हे काम मला शिकवलं पगारे सरांनी. सर मूळचे मनमाडचे. सगळी नोकरी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात बॉयलरवर झालेली, आणि रिटायर झाल्यावर आमच्या मालकांनी त्यांना बोलावून घेतलं. सर आउटपुट नेहमी चारवर ठेवायचे. बरं, ते स्क्रीनवर वाचतील तर शपथ. डिस्पॅचच्या टेबलावर एक जुना प्रिंटर आहे, चलनाच्या तीन प्रती काढायचा, कर्रकर्र आवाज करणारा, कडेला भोकं असलेल्या लांबलचक कागदाचा. सर त्याच्यावर सगळा लॉग छापून घ्यायचे. पानावर पंचेचाळीस ओळी आणि डाव्या बाजूला चार बोटं रुंद मार्जिन, पेन्सिलीसाठी. मग कानामागची पेन्सिल काढून, ओळ न ओळ वाचत, पटलेल्या ओळीपुढे बरोबरची खूण आणि न पटलेल्या ओळीपुढे गोल करत बसायचे. तीस-तीस पानं. तो कर्रकर्र आवाज आणि त्यांचं ते पेन्सिलीचं खरडणं... माझं डोकं उठायचं.

एकदा मी म्हणाले, सर, निकाल हिरवा आलाय ना, मग ही पुराणं कशाला वाचायची? ते रागावले नाहीत. पानावरून मान वर न करता म्हणाले, "मीनल, निकाल सगळेच वाचतात. त्याने मधे काय गृहीत धरलंय ते कोणी वाचत नाही. बोलतंय तर बोलू दे त्याला."

मागच्या वर्षीच्या आधीच्या दिवाळीनंतर सरांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. काकू त्यांना घेऊन मनमाडच्या घरी राहायला गेल्या. ऑफिसातले सगळे एकदोनदा जाऊन भेटून आले. मी गेले नाही. आज रिपोर्ट आहे, उद्या पाहुणे आहेत, परवा गाडीचं तिकीट नाही. खरं कारण असं की ज्या माणसाच्या बोलण्याला मी इतकी वर्षं वैतागले, तो माणूस आता बोलू शकत नाही, आणि त्याच्यासमोर बसून मी काय करायचं ते मला कळत नव्हतं. मला लाज वाटत होती, हे इथे लिहून टाकते.

आणि त्याच आठवड्यात मी आणखी एक गोष्ट केली होती. सगळ्या कामांची सुरुवात ज्या फाइलवरून होते, तिच्यात आउटपुट लेव्हल चारची शून्य केली. ऑफिस शांत झालं, रन पाच मिनिटं लवकर संपायला लागले, रिपोर्ट सुटसुटीत दिसायला लागले. मालक खूश, मीही खूश.

आता तो मंगळवार. सिन्नरकडच्या एका हलक्या विटांच्या कारखान्यासाठी आम्ही टाकी बनवली होती. विटा आत ढकलायच्या, दार लावायचं आणि एकशे नव्वद अंशांच्या वाफेत भाजायच्या... भाजायच्या म्हणजे शिजवायच्या. या टाकीचं सगळं मर्म दारात असतं. दाराच्या कडेला दात असतात, टाकीच्या तोंडावरच्या कड्याला दात असतात, दार फिरवलं की दात दातांत अडकतात. त्या दातांनी दगा दिला तर दार तोफेसारखं सुटतं आणि समोर जो असेल तो संपला.

समोर सलीमभाई असणार होते. सलीमभाई आमचे सगळ्यांत जुने फिटर, मूळ मालेगावचे, माग चालवणाऱ्या घरातले. साइटवर पहिल्यांदा गरम वाफ सोडायची ट्रायल तेच घेतात. त्यांची एक सवय आहे. दाब चढत असताना ते दाराच्या कडेला कान नेऊन ऐकतात. किती वेळा सांगितलं तरी ऐकत नाहीत, म्हणतात, गळती आधी कानाला कळते, मग डोळ्याला. त्या दिवशी ते सकाळी सातलाच टेम्पोतून सिन्नरला गेले होते.

माझं काम आदल्या दिवशीच संपलं होतं. रिपोर्ट हिरवा, सही झालेली. मंगळवारी सकाळी गिऱ्हाइकाकडून मेल आला की दाराचं चित्र दुसऱ्या बाजूने पाहिजे. म्हणून मी तोच रन, तीच फाइल, साडेदहाला परत लावला. दुसरं काहीही बदललं नाही. सव्वाअकराला रन संपल्याचं स्क्रीनवर आलं. अकरा वाजून सोळा मिनिटं, हे नंतर मी दहा वेळा तपासलंय.

आणि एका मिनिटात डिस्पॅचचा प्रिंटर कर्रकर्र करायला लागला.

डिस्पॅचवाला त्या दिवशी सुट्टीवर होता. त्याचा कॉम्प्युटर बंद होता. मला वाटलं, कालचं एखादं चलन अडकलं असेल, आता सुटलं. दोन मिनिटं वाट बघितली, आवाज थांबेना. शेवटी बटण बंद करायला मी तणतणत उठले.

कागद अर्धा टेबलाखाली गेला होता. मी तो उचलला आणि हात तसाच राहिला. डाव्या बाजूला चार बोटं मार्जिन होतं. चलनाला मार्जिन नसतं. आमच्या ऑफिसात तसं मार्जिन एकाच माणसाला लागायचं.

वर माझ्या कामाचं नाव होतं. खाली माझंच नाव, तारीख, वेळ, ११:१६. आणि त्याखाली लॉग. पूर्ण लॉग, लेव्हल चारचा, ओळींमागून ओळी. पहिला विचार आला की कुणीतरी माझी गंमत करतंय. मी मान वर करून बघितलं, तर ऑफिसात माझ्याशिवाय अकाउंटच्या वहिनी होत्या आणि त्या फोनवर होत्या. मालक मीटिंगला गेले होते. प्रिंटर बंद करायचं मी विसरून गेले. तिथेच स्टुलावर बसले आणि जसजसा कागद येत होता तसतसा वाचायला लागले. का वाचलं? खरंच सांगता येत नाही. तो आवाज, ते मार्जिन... सवय सरांची होती, पण बसले मी.

एकोणिसाव्या पानावर ती ओळ आली. इंग्रजीत होती, मराठीत सांगायचं तर अशी: सावधान, तीन नंबरचं मटेरियल, तापमान तक्त्याच्या बाहेर, शेवटचा आकडा वापरला आहे. पुढच्या ओळीत परत तेच. मग परत. पान संपलं, पुढचं पानही त्याच ओळीने भरत चाललं.

ज्यांचा हा विषय नाही त्यांच्यासाठी सांगते. लोखंड तापलं की त्याची ताकद कमी होते. किती तापल्यावर किती कमी, याचा तक्ता आपण प्रोग्रॅमला द्यायचा असतो. दाराच्या कड्याचा तक्ता मी आधीच्या एका कामातून उचलला होता. ते काम गरम पाण्याच्या टाकीचं होतं, तक्ता शंभर अंशांवर संपत होता. इथे वाफ एकशे नव्वदची. शंभरच्या पुढे प्रोग्रॅमने लोखंड शंभरला होतं तेवढंच मजबूत धरलं, हिशेब पुरा केला आणि हिरवा निकाल दिला. त्याला शंका आली होती. त्याने ती सांगितलीही असती. मी त्याला गप्प बसवलं होतं.

मी तिथूनच मोबाइल काढला. सलीमभाईंना फोन लावला, उचलला नाही. परत लावला, पूर्ण वाजून बंद झाला. बॉयलरच्या आवाजात त्यांना ऐकू येणार नाही हे मला कळत होतं, आणि ते कुठे कान लावून उभे असतील हेही कळत होतं. मागे प्रिंटर चालूच होता. तिसऱ्यांदा लावला तेव्हा मी मनातल्या मनात नव्हे, मोठ्याने म्हणत होते, उचला हो, उचला. अकाउंटच्या वहिनी उठून माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या होत्या.

उचलला.

"सलीमभाई, दारापासून लांब व्हा. बाजूला नाही, लांब. आणि वाफ बंद करा."

"मॅडम, एकशे सत्तर झालं ना. थोडंच बाकी हाय. सब ठीक है इकडे."

"माझा हिशेब चुकलाय. कडं टिकणार नाही. प्लीज बंद करा."

पलीकडून वाफेचा आवाज येत होता. मी त्यांच्या जागी असते तर दहा प्रश्न विचारले असते. रिपोर्टवर सही आहे, गिऱ्हाईक शेजारी उभं आहे, ट्रायल अर्ध्यात सोडणं म्हणजे सगळ्यांसमोर नाक कापून घेणं. त्यांनी एकच विचारलं.

"पगारे सर बोले क्या?"

पूर्वी असे फोन सरांचेच जायचे, म्हणून सवयीने तोंडातून आलं असेल. मी कागदाकडे बघितलं आणि म्हणाले, "हो."

"बस, मग बंद करतो," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

पंधरा मिनिटांनी त्यांचा परत फोन आला. वाफ बंद केली, दाब उतरतोय, सगळ्यांना शेडच्या बाहेर काढलं. मी तिथेच स्टुलावर बसून रडले. वहिनींनी पाणी आणून दिलं आणि काही विचारलं नाही, त्याबद्दल त्यांचेही आभार.

दुसऱ्या दिवशी टाकी थंड झाल्यावर दार उघडून बघितलं, तर कड्याच्या दोन दातांच्या कडा दबल्या होत्या. फार नाही, नख फिरवलं की लागेल एवढ्या. आणि वाफ बंद केली तेव्हा पूर्ण दाब अजून यायचा होता. मी बरोबर तक्ता टाकून रन परत लावला आणि निकाल लाल आला. कडं नवीन करावं लागलं, जाड. मालकांना मी सगळं जसं झालं तसं सांगितलं, शून्याची गोष्टसुद्धा. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, सलीमला जाऊन भेट. मी साइटवर जाऊन सलीमभाईंना भेटले. ते फक्त दाराच्या कडेला जिथे कान लावतात तिथे हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले. नंतर त्यांच्या घरून माझ्यासाठी शीरखुर्म्याचा डबा आला, ईद नसताना. मी चूक केलेली आणि डबा मलाच.

आता मोजमापाचा भाग. आमची सिस्टीम बघणारा मुलगा हुशार आहे, त्याला बसवून मी सगळं तपासलं. माझ्या कॉम्प्युटरवरून तो प्रिंटर जोडलेलाच नाही. डिस्पॅचचा कॉम्प्युटर आदल्या संध्याकाळपासून बंद, त्यात छपाईची नोंद नाही. माझ्या सेटिंगच्या फाइलमध्ये आउटपुट लेव्हल शून्य, आणि फाइल त्या दिवशी कुणी बदललेली नाही. तीच फाइल परत चालवली तर प्रोग्रॅम गप्प. तीनदा चालवली, तिन्ही वेळा गप्प. सरांचं लॉगिन ते मनमाडला गेल्यानंतर महिनाभरात बंद केलेलं. रुंद मार्जिनचं सेटिंग कुठल्याच कॉम्प्युटरवर सापडलं नाही. तो मुलगा शेवटी म्हणाला, मॅडम, कागद आहे म्हणून मानतो, नाहीतर मानलं नसतं.

पुढच्या रविवारी मी सकाळच्या गाडीने मनमाडला गेले. दहा महिन्यांनी. पिशवीत ती एकतीस पानं घडी करून ठेवली होती. दार काकूंनी उघडलं. मला वाटलं टोमणा मारतील, पण त्यांनी माझा हातच धरला. सर खिडकीजवळच्या खुर्चीत होते. बारीक झाले होते, उजवा हात मांडीवर ठेवलेला, डोळे मात्र तेच. मी पाया पडले आणि नुसतीच उभी राहिले. गाडीत पाठ केलेलं सगळं विसरले.

काकूच बोलल्या. म्हणाल्या, "बरं झालं आलीस. या मंगळवारी लय घाबरवलं बघ यांनी. अकराच्या सुमारास जे सुरू झालं, खुर्चीच्या हातावर नुसतं टकटक, टकटक. पाणी दिलं, पंखा लावला, काही नाय. शेवटी समोरचा पेपर आणि पेन्सिल दिली डाव्या हातात, तेव्हा कुठं शांत झाले."

मंगळवार, अकरा. मी काकूंना काहीच सांगितलं नव्हतं, आणि ऑफिसातून कुणी फोन केला नव्हता, हे मी नंतर प्रत्येकाला विचारून घेतलंय. मी पिशवीतून कागद काढले आणि सरांच्या मांडीवर ठेवले. काय झालं, कुठली ओळ, कुठलं पान, एक शब्द बोलले नाही.

त्यांनी डाव्या हाताने पानं उलटायला सुरुवात केली. सावकाश, अंगठा ओला करून. मधे कुठे थांबले नाहीत. एकोणिसाव्या पानावर थांबले. काकूंकडे हात केला, काकूंनी पेन्सिल दिली. आणि त्या पहिल्या सावधानच्या ओळीपुढे, मार्जिनमध्ये, त्यांनी गोल केला. डाव्या हाताचा, वेडावाकडा, पण पूर्ण.

मग पेन्सिल माझ्यापुढे धरली.

मी तिथेच जमिनीवर बसले आणि रडत रडत बोलायला लागले. माफी मागितली, आभार मानले, सलीमभाई कसे आहेत ते सांगितलं, शून्य मीच केलं होतं ते सांगितलं, ऑफिसातल्या सगळ्यांच्या कागाळ्या सांगितल्या. दीड तास बोलत होते. मला बडबड सहन होत नाही म्हणणारी मी... आणि ते ऐकत होते, डाव्या हाताची बोटं खुर्चीवर हलकेच वाजवत.

यातलं काही मला कळलेलं नाही. कुणाला तांत्रिक कारण सुचलं तर जरूर लिहा, मी प्रत्येक कमेंट वाचेन, चेष्टेची असली तरी. कारण सापडलं तरी माझं देणं त्याने फिटणार नाही. एका माणसाचा जीव वाचला, आणि माझ्या हातून तो गेला असता ते ओझं माझ्या मानेवर बसलं नाही. एवढ्यासाठी मी रोज मनात हात जोडते, कुणाला ते माहीत नसताना.

आउटपुट लेव्हल आता चार आहे. त्या प्रिंटरवर मी रुंद मार्जिन लावून घेतलंय आणि ऑफिसातले नवीन लोक माझ्यावर वैतागतात. महिन्यातून एका रविवारी मी पानांची चळत घेऊन मनमाडला जाते. काकू चहा टाकतात. एक पान सर वाचतात, एक मी, आणि पेन्सिल एकच असते.